रस्त्यांचा वैद्य : जॉन लाउडन मॅकॅडम

पावसाळा ओसरू लागला, की आपल्या बेळगावकडील रस्त्यांची जी दैना होते, तिचे वर्णन मुद्दाम करण्याची गरज नाही. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटाने प्रवास करून आलेल्या माणसाच्या हाडांनी ती केव्हाच टिपून ठेवलेली असते. गेल्या श्रावणात शाळेच्या वाटेवर एक खड्डा बुजविला जात असताना मी छत्री धरून थोडा वेळ तेथे उभा राहिलो. खड्ड्यात पाणी साचलेलेच होते. त्या पाण्यातच चार घमेली खडी व वर थोडे डांबर ओतले गेले, फावड्याच्या पाठीने दोन थापट्या बसल्या आणि मंडळी पुढच्या खड्ड्याकडे वळली. आठ दिवस उलटण्यापूर्वी तो खड्डा पूर्ववत, किंबहुना काकणभर मोठाच झाला होता. दगड चांगला होता, मजुरांनी अंग चोरले नव्हते, पैसाही खर्ची पडला होता. मग ही डागडुजी टिकली का नाही?

हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी एका स्कॉटिश गृहस्थाला पडला. तो शिकून तयार झालेला अभियंता नव्हता. पेशाने व्यापारी होता. परंतु त्या प्रश्नापायी त्याने आयुष्याची कितीतरी वर्षे व पदरचा बराच पैसा वेचला, आणि अखेर त्याचे आडनावच जगातील अनेक भाषांत रस्त्याच्या एका प्रकाराचे नाव होऊन बसले. त्या जॉन लाउडन मॅकॅडमची ही हकीकत आहे.

मॅकॅडमचा जन्म २१ सप्टेंबर १७५६ रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील एअर ह्या गावी झाला. घराणे जुने व प्रतिष्ठित होते, पण वैभव उतरणीला लागलेले होते. तो लहान असतानाच कुटुंबाचे लॅगवाइन येथील घर आगीत भस्मसात झाले व त्या आगीतून हे मूल थोडक्यात बचावले. पुढे मेबोल येथील शाळेत असता त्याने आपल्या परिसरातील रस्त्याच्या एका तुकड्याची प्रतिकृती तयार केली होती, अशी आठवण सांगतात. थोर माणसांच्या बालपणात त्यांच्या मोठेपणाची बीजे हुडकून काढण्याची चरित्रकारांना हौसच असते. म्हणून ह्या आठवणीवर फार भार देण्याचे कारण नाही. १७७० मध्ये वडील वारले आणि चौदा वर्षांच्या जॉनला अटलांटिक महासागरापलीकडे न्यूयॉर्कला, व्यापारी असलेल्या चुलत्याकडे धाडण्यात आले.

तेथे तो व्यापार शिकला आणि भराभर वर चढला. इतक्यात अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्याचे युद्ध पुकारले. मॅकॅडम राजाच्या पक्षाचा. युद्धात पकडलेल्या जहाजांची व त्यांवरील मालाची विक्री करण्याची दलाली त्याच्याकडे आली आणि तीत त्याने भरपूर पैसा मिळविला. ह्या कमाईविषयी फार अभिमानाने लिहावे असे काही नाही. १७७८ मध्ये तेथेच त्याचा विवाह झाला. १७८३ मध्ये युद्ध संपले, राजाचा पक्ष हरला, आणि मॅकॅडम आपल्या मालमत्तेचा काही भाग गमावून, परंतु पुष्कळसा सांभाळून, पत्नीमुलांसह मायदेशी परतला. मेबोलजवळ सॉख्री नावाची जहागीर त्याने विकत घेतली आणि प्रतिष्ठित जमीनदारांच्या पंक्तीत तो जाऊन बसला. त्या प्रतिष्ठेबरोबरच त्या भागातील रस्त्यांच्या ट्रस्टचे सभासदत्व त्याच्याकडे आले. येथून पुढील कथा रस्त्यांची आहे, म्हणून ते रस्ते त्या काळी कसे होते ते आधी पाहू.

इंग्लंडात १५५५ च्या कायद्याने प्रत्येक गावच्या रहिवाशांवर आपापल्या हद्दीतील रस्त्यासाठी वर्षातून काही दिवस फुकट राबण्याची सक्ती होती. ही वेठच होती, आणि वेठीने केलेल्या कामात जो जीव असतो तेवढाच त्यात असे. जवळपास सापडतील ते धोंडे, गोटे, माती, रेती आणून खड्ड्यात लोटायची आणि दिवस भरला की घरी जायचे. पुढे अठराव्या शतकात टर्नपाइक ट्रस्ट निघाले. रस्त्यावर नाके बसवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा आणि त्या पैशातून रस्ता राखायचा, अशी ती व्यवस्था होती. असे शेकडो ट्रस्ट देशभर पसरले. टोल वसूल होऊ लागला, कर्जेही काढली गेली. परंतु धोंडे पडत राहिले ते पूर्वीच्याच रीतीने. सर्व्हेयर म्हणून नेमलेला माणूस पुष्कळदा कोणा सभासदाच्या मर्जीतला असे व रस्ता कशाशी खातात हे त्याला ठाऊक नसे. रस्ता खचला की वर आणखी एक थर टाकायचा, तो खचला की आणखी एक. असे वर्षानुवर्षांचे थर साचून काही रस्त्यांच्या पोटात दगडांचे कोठार भरले होते, आणि तरीही वर चिखलच होता.

आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. रस्ता टिकत नाही तेव्हा दोष गाडीचा, असे पार्लमेंटने ठरविले. १७५३ मध्ये कायदा झाला, की अवजड गाड्यांची चाके नऊ इंच रुंद असावीत, म्हणजे ती रुळासारखी रस्ता दाबत जातील. रस्ता जसा आहे तशी गाडी करा, असा तो न्याय होता. मॅकॅडमचे म्हणणे बरोबर ह्याच्या उलट होते. गाड्या आपल्या गरजेप्रमाणे धावतील. त्यांना पेलील असा रस्ता करणे हे रस्ते करणाऱ्याचे काम आहे, असे तो मानी.

हे मत त्याच्या मनात हळूहळू घट्ट होत असता त्याचा स्वतःचा संसार मात्र सैल होत चालला होता. डन्डोनाल्डच्या लॉर्डने दगडी कोळशापासून डांबर काढण्याचा कारखाना काढला होता. लाकडी जहाजांच्या तळाला हे डांबर फासले, की समुद्री किडा लाकूड पोखरीत नाही, हा त्यामागील हिशेब. मॅकॅडमने ह्या उद्योगात पैसा घातला व म्युअरकर्क येथील भट्ट्या स्वतः चालविल्या. परंतु आरमाराने जहाजांच्या तळांना तांब्याचे पत्रे ठोकण्याची पद्धत स्वीकारली आणि डांबराचा बाजार बसला. ह्या व इतर व्यवहारांत त्याच्या संपत्तीला ओहोटी लागली आणि सॉख्रीची जहागीर हातची गेली. ज्या मनुष्याचे नाव आज डांबरी रस्त्याशी जोडले जाते, त्याच्या हाताशी डांबराच्या भट्ट्या होत्या आणि ते डांबर रस्त्यावर ओतावे असे त्याला आयुष्यात कधी वाटले नाही. नियती कधी कधी अशी थट्टा करते.

१७९८ मध्ये आरमाराला अन्नसामग्री पुरविण्याच्या कामावर त्याची इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला फॅलमथ येथे नेमणूक झाली. काही वर्षांनी तो ब्रिस्टलला येऊन स्थायिक झाला. कामासाठी फिरावे लागे, त्याखेरीज तो आपल्या हौसेनेही फिरे. गाडीतून उतरून रस्ता पाही, कडेचे चर पाही, खडी फोडणाऱ्याशी बोले, ट्रस्टचे हिशेब मागून वाची. १७९८ ते १८१४ ह्या काळात ह्याच कारणासाठी त्याने सुमारे ३०,००० मैल प्रवास केला आणि त्यापायी ५,००० पौंडांवर स्वतःचा पैसा खर्च केला. हे त्याने पुढे हिशेबानिशी पार्लमेंटच्या समितीपुढे मांडले. जहागीर गमावलेल्या, मुलाबाळांच्या संसारी माणसाने हा खर्च करावा, हे व्यवहारी मनाला वेडेपणाचेच वाटेल. त्याच्या घरातील माणसांना काय वाटत होते ते इतिहासाने नोंदविलेले नाही.

१८११ मध्ये त्याने आपली निरीक्षणे पार्लमेंटच्या समितीला लिहून दिली. पण कागदावरच्या मताला कोण विचारतो? खरी संधी आली ती १८१६ च्या आरंभी. ब्रिस्टलच्या ट्रस्टने आपल्या ताब्यातील जवळजवळ दीडशे मैल रस्त्यांसाठी त्याला सर्व्हेयर नेमले. त्या वेळी मॅकॅडमचे वय साठीला टेकले होते. इतर माणसे ज्या वयात काठी व शाल शोधू लागतात, त्या वयात ह्याने कुदळ-टिकाव घेतलेल्या मजुरांच्या टोळ्या हाताशी धरल्या.

त्याचा मूळ विचार इतका साधा होता, की पुष्कळांना तो पोरकट वाटला. रस्त्याचा भार शेवटी पेलते कोण? दगड नव्हे, दगडाखालची जमीन. ती जमीन कोरडी असेल तर वाटेल तेवढे ओझे सोशील. तिच्यात पाणी मुरले की ती लोण्यासारखी होईल आणि वर कितीही मोठे धोंडे रचा, ते एकेक करून आत रुततील. मग रस्त्यावर घालायचा दगड हा भार पेलण्यासाठी नसून पावसापासून जमिनीला झाकण्यासाठी आहे. ते एक छप्पर आहे. छपराचे काम गळू न देणे. रस्ता खणून खळग्यात बांधू नये, आजूबाजूच्या जमिनीहून उंच बांधावा. दोन्ही कडांना चर काढून आधी जमिनीचे पाणी उतरवून द्यावे. आणि मग त्यावर स्वच्छ खडीचा सुमारे दहा इंचांचा थर द्यावा. मधला भाग किंचित उंच असावा, पण गाढवाच्या पाठीसारखा नको. तीस फूट रुंदीच्या रस्त्याला मध्यावर तीन इंचांचा उंचवटा त्याला पुरेसा वाटे. रस्ता फार कमानदार केला तर सर्व गाड्या भिऊन मध्यावरूनच चालतात आणि तेथेच चाकोऱ्या पडतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आता खडीविषयी. नदीतले गुळगुळीत गोटे त्याला नकोत. ते एकमेकांवरून घरंगळतात. फोडलेला, धारदार कोपऱ्यांचा दगड हवा, म्हणजे चाकांच्या दाबाने कोपऱ्यात कोपरा अडकून त्यांचे एकसंध कवच होते. आणि हा दगड लहान हवा, सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नको. त्याचे कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. मोठा धोंडा वर राहिला तर चाक त्याला एका कडेने दाबते, दुसरी कड उचलली जाते, धोंडा डुलू लागतो आणि आपल्या शेजाऱ्यांनाही सैल करतो. चाकाच्या रुंदीच्या मानाने दगड लहान असला, की तो डुलत नाही. सर्व्हेयरांनी जवळ तराजू बाळगावा असे तो सांगे. मजुरांसाठी मात्र सोपी खूण होती, जो दगड तोंडात मावणार नाही तो मोठा. ह्यावरून एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका रस्त्यावर खडी फारच मोठी पडलेली दिसली म्हणून चौकशी केली, तेव्हा ती फोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडात एकही दात नसल्याचे आढळून आले! खरे-खोटे त्या म्हाताऱ्यालाच ठाऊक.

खडीत माती, चिकणमाती, रेती, खडू असे काहीही मिसळू द्यायला मॅकॅडम तयार नव्हता. लोक म्हणत, माती घातल्याशिवाय दगड धरून कसे राहतील? तो म्हणे, जे पाणी पिते ते हिवाळ्यात गोठून फुगते आणि रस्ता आतून फोडते. स्वच्छ खडी पसरून रस्ता वाहतुकीला खुला करावा आणि चाकांनाच तो घट्ट करू द्यावा. अर्थात सोडून द्यावा असे मात्र नव्हे. पहिले काही दिवस एक माणूस दाताळे घेऊन तेथे हजर पाहिजे. चाकोरी उमटली की लगेच खडी ओढून ती मोडली पाहिजे. त्या काळच्या लोखंडी धावेच्या चाकांखाली खडीचा थोडा भुगा होई, तो फटींत बसे आणि छप्पर अधिकच घट्ट होई.

परंतु मला मॅकॅडमचे खरे मोठेपण नव्या रस्त्यांपेक्षा जुन्या रस्त्यांच्या दुरुस्तीत दिसते. त्याच्या ताब्यात आलेले बहुतेक रस्ते जुनेच होते आणि नवे करण्याइतका पैसा कोणाजवळच नव्हता. त्याने पहिली आज्ञा दिली ती नवा दगड आणू नका अशी. रस्त्याच्या पोटात दगड पुष्कळ आहे. तोच वर काढा. मजुरांची टोळी पाच जणांची असे. रस्त्याचा थोडाच पट्टा ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सुमारे चार इंच खोल उखडायचा. दोघांनी दाताळ्याने मोठे धोंडे कडेला ओढायचे व तळ सारखा करायचा. तिघांनी कडेला बसून ते धोंडे फोडायचे. आणि तळ तयार होताच फोडलेली खडी तेथेच पसरायची. ती पसरतानाही फावडेभर एका जागी ओतायची नाही. फावडे हलवीत, उधळीत, पातळ थरावर पातळ थर असा द्यायचा. एका जागी ओतलेल्या ढिगाचा मध्य घट्ट व कड सैल राहते आणि तेथूनच पुढचा खड्डा सुरू होतो.

ज्या रस्त्याला खरोखरच नव्या खडीची गरज असेल, तेथे दुसरा नियम होता. जुना पृष्ठभाग घट्ट व गुळगुळीत झालेला असतो. त्यावर नवी खडी नुसती टाकली तर ती जुन्याशी सोयरीक जोडीत नाही. चाकांखाली इकडून तिकडे पळत राहते. म्हणून आधी टिकावाने तो पृष्ठभाग खरवडून मोकळा करायचा आणि मगच नवी खडी घालायची, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. शेतकरी पेरणीआधी जमीन नांगरतो त्यातलाच हा प्रकार. आज डांबरी रस्त्याचा खड्डा शास्त्रशुद्ध रीतीने बुजवायचा म्हणजे काय करतात? खड्ड्याच्या ठिसूळ कडा घट्ट भाग लागेपर्यंत सरळ उभ्या कापतात, आतले पाणी व सैल माल काढून टाकतात, कडांना व तळाला पातळ डांबराचा हात देतात, आणि मग माल थराथराने भरून प्रत्येक थर दाबतात. हत्यारे बदलली; जुन्या-नव्याची गाठ बांधण्याची आणि पाणी बाहेर ठेवण्याची युक्ती तीच राहिली. श्रावणात मी पाहिलेल्या खड्ड्यात पाणी आतच होते आणि कडा खरवडल्याच नव्हत्या. मॅकॅडम तेथे असता तर त्याने घमेले खाली ठेवायला लावले असते.

त्याचे विरोधक थोडे नव्हते. त्याचाच समकालीन व देशबांधव टॉमस टेलफर्ड हा पुलांचा व रस्त्यांचा महान शिल्पकार होता. टेलफर्ड रस्त्याच्या तळाशी मोठे दगड हाताने एकेक रचून पाया घाली व त्यावर खडी देई. तो रस्ता भक्कम होई, पण खर्चही तसाच येई. पायाशिवाय रस्ता उभा राहील ह्यावर टेलफर्डच्या पक्षाचा विश्वास नव्हता. मॅकॅडमने समितीपुढे साक्ष देताना सॉमरसेट परगण्यातील एका रस्त्याचा दाखला दिला. ब्रिजवॉटरजवळचा तो रस्ता दलदलीवरून जातो. वरून गाडी गेली की कडेच्या चरांतले पाणी थरथरताना दिसते, इतकी जमीन मऊ. तरीही त्या दलदलीवर पाच टन खडी जितकी टिकते, तितकी टिकण्यासाठी कठीण खडकावरच्या रस्त्याला सात टन लागते, असे तो म्हणाला. मऊ गादीवर खडी पडते तेव्हा ती दबते पण भरडली जात नाही. खडकावर मात्र ऐरण आणि हातोडा ह्यांच्यामध्ये सापडल्यासारखी तिची गत होते.

ह्या वादात कोण जिंकला, असे विचारले तर सरळ उत्तर देता येत नाही. आजच्या अवजड मालमोटारींसाठी खडीखाली विचारपूर्वक दाबलेले निरनिराळे थर लागतात. केवळ दहा इंचांवर भागत नाही. म्हणजे टेलफर्डची चिंता निराधार नव्हती. परंतु रस्ता कोरडा राहिला पाहिजे, ही मॅकॅडमची गोष्ट कोणत्याही अभियंत्याने पुढे खोडून काढलेली नाही. शिवाय त्याची पद्धत स्वस्त होती, आणि गरीब ट्रस्टांना तीच परवडली.

१८१६ मध्ये त्याने आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले आणि १८१९ मध्ये सार्वजनिक रस्त्यांची दुरुस्ती व जतन ह्यांवर दुसरे. त्यांत दगडाइतकाच माणसांचा विचार आहे. रस्ते खराब आहेत ते पैसा कमी म्हणून नव्हे, तो जातो कोठे हे पाहणारे कोणी नाही म्हणून, असे त्याने निर्भीडपणे मांडले. लहान लहान ट्रस्ट एकत्र करावे, प्रत्येकावर पगारी, जाणकार आणि हिशेबाला जबाबदार असा सर्व्हेयर नेमावा, त्याला कामाची मोकळीक द्यावी आणि चुकला तर जाबही विचारावा, अशी त्याची मागणी होती. पूर्वी ट्रस्टचा बहुतेक पैसा दूरवरून धोंडे ओढून आणणाऱ्या घोडागाड्यांवर जाई. त्याने तो मजुरांच्या हाती वळविला. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेले युद्ध संपून हजारो माणसे बेकार झालेली होती. रस्त्याच्या कडेला बसून लहान हातोडीने खडी फोडण्याचे काम त्यांतल्या कित्येकांच्या पोटाला आधार झाले. हे काम बसून करता येते, म्हणून स्त्रिया, वृद्ध व मुलेही ते करू शकतील, हा मॅकॅडमला आपल्या पद्धतीचा गुण वाटे. आपल्याला आज तसे वाटत नाही. पुढे इंग्लंडच्या अनाथ-दरिद्री लोकांच्या कोंडवाड्यांत खडी फोडणे ही गरिबीची शिक्षाच होऊन बसली, आणि आपल्या मराठीतही एखाद्याला खडी फोडायला पाठविणे ह्याचा अर्थ तुरुंगात घालणे असा रूढ झाला. गुळगुळीत रस्त्यावरून बग्गी सुखाने धावे तेव्हा तिच्या चाकांखाली कोणाची बोटे झिजली, हा हिशेब त्या काळच्या अहवालांत नाही.

पण बग्गी धावू लागली, हेही तितकेच खरे. अठराव्या शतकाच्या मध्याला लंडनहून एडिंबरोला जायला दहा-बारा दिवस लागत. १८३० नंतर टपालाची गाडी तेच अंतर पन्नास तासांच्या आत कापू लागली. देशभरच्या ट्रस्टांकडून मॅकॅडमला बोलावणी येऊ लागली. त्याचे तिन्ही मुलगे ह्याच कामात उतरले. १८२३ मध्ये अमेरिकेतील मेरीलंड राज्यात त्याच्या पद्धतीचा पहिला रस्ता तयार झाला. म्हणजे ज्या देशातून तो पराभूत पक्षाचा माणूस म्हणून निघून आला होता, तेथे त्याचे नाव चाळीस वर्षांनी खडीच्या रूपाने परत गेले. पार्लमेंटने त्याच्या खर्चाची भरपाई म्हणून काही हजार पौंड मंजूर केले, तेही घासाघीस करून. त्याने आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले नव्हते. ज्याला हवे त्याने ती उचलली, पुष्कळांनी ती अर्धवट उचलली आणि रस्ता बिघडला की दोष त्याच्या माथी मारला. लंडनच्या रस्त्यांवर ही खडी पडली तेव्हा उन्हाळ्यात धूळ व हिवाळ्यात चिखल अशी दुकानदारांची ओरड झाली. ती खोटी नव्हती.

१८३४ मध्ये सरकारने त्याला सर ही पदवी देऊ केली. वयोमानामुळे त्याने ती नाकारली आणि ती त्याचा मुलगा जेम्स ह्याला मिळाली. त्या सुमारास जग मात्र दुसरीकडे पाहू लागले होते. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर आगगाडी सुरू झाली होती, आणि १८३५ मध्ये त्याच्या ब्रिस्टलसाठीच लोहमार्गाचा कायदा मंजूर झाला. टोलाचे नाके ओस पडण्याचे दिवस जवळ आले होते. ते पाहायला तो राहिला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात तो स्कॉटलंडला जाई. १८३६ मध्ये तेथून हर्टफर्डशरमधील आपल्या घरी परतत असता वाटेत मॉफट येथे तो आजारी पडला आणि २६ नोव्हेंबरला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, वारला. त्याला तेथेच पुरण्यात आले.

पुढे मोटारी आल्या. लोखंडी धावा खडीचा भुगा करून फटी भरीत. रबरी टायर मात्र तो भुगा फटींतून शोषून काढून हवेत उडवू लागले, आणि मॅकॅडमचे छप्पर उसवू लागले. १९०२ मध्ये एडगर पर्नेल हूली नावाच्या सर्व्हेयरने खडीत डांबर मिसळण्याच्या आपल्या रीतीचे पेटंट मागितले आणि तिला टारमॅक हे नाव मिळाले. त्यातला मॅक हा आपल्या नायकाचाच. आपल्याकडील बांधकाम खात्याच्या कागदपत्रांत वॉटर बाउंड मॅकॅडम हा शब्द अजून नांदतो. खडी पसरून, फटींत बारीक चुरा व मुरूम भरून, पाणी मारून रूळ फिरवायचा, असा तो रस्ता. ज्याने खडीत मातीचा कणही खपवून घेतला नाही, त्याच्या नावाने मुरूम भरला जातो!

म्युअरकर्कच्या माळावर, जेथे त्याच्या डांबराच्या भट्ट्या धडधडत असत त्या जागी, त्याच्या स्मरणार्थ दगडांचा एक ढीग रचून ठेवलेला आहे.